हैदराबादला एक दिवस : चौसाळ्याच्या माणसानं काय बघावं?

आपल्या १९९७ च्या दहावीच्या ग्रुपवर वर्षातून चार-पाच वेळा एक मेसेज ठरलेला असतो. "हैदराबादला येतोय, एक दिवस मोकळा आहे, काय बघू?" कुणी लग्नाला येतं, कुणी मुलाच्या प्रवेशासाठी, कुणी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. मी गेली अठरा वर्षं इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझ्याकडेच येतं. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटलं, हे उत्तर एकदाच नीट लिहून काढावं. सरांनाही वाचता येईल आणि पुढच्या वेळी मला नुसता पान नंबर सांगता येईल.

चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम, रामोजी फिल्म सिटी आणि शेवटी बिर्याणी, ही यादी कुठेही मिळते. ती वाईट नाही. पण ती दिल्लीच्या माणसाला आणि चौसाळ्याच्या माणसाला एकच शहर दाखवते. दिल्लीच्या माणसासाठी हैदराबाद हे एक जुनं, देखणं शहर आहे. आपल्यासाठी ती आपली जुनी राजधानी आहे. १७२४ मध्ये पहिल्या निजामानं दख्खनमध्ये सत्ता बसवली तेव्हापासून १९४८ पर्यंत, मधले लढायांचे आणि तहांचे चढउतार सोडले तर, आपला मुलूख निजामाचा होता. त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजी-आजोबांचा जन्म ज्या राज्यात झाला, त्याची राजधानी मुंबई नव्हती.

गंमत बघा, ती पहिल्यापासून हैदराबादही नव्हती. निजामाचं बस्तान आधी औरंगाबादला होतं. दुसरा निजाम म्हणजे निजाम अलीखान, त्याच्या काळात राजधानी हैदराबादला गेली. याच निजाम अलीला १७६३ च्या ऑगस्टमध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनला हरवलं. ते राक्षसभुवन आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आहे.

एका दिवसात शहर बघून होत नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते ठरल्याशिवाय कामाला हात लावू नये. सहलीचंही तसंच आहे. आधी प्रश्न ठरवा, मग ठिकाणं आपोआप निवडली जातात. माझ्या मते आपला प्रश्न असा असावा: आपण या शहराचे कसे होतो आणि नंतर का राहिलो नाही? या प्रश्नाचं उत्तर देणारी ठिकाणं मी खाली लिहिली आहेत. जी देत नाहीत ती, कितीही सुंदर असली तरी, दुसऱ्या फेरीसाठी ठेवली आहेत.

वाटेवर : नळदुर्ग

पहिलं ठिकाण हैदराबादच्या बरंच अलीकडे आहे. चौसाळ्याहून गाडीनं निघालात तर धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद रस्ता लागतो. तिथे अर्धा तास थांबा. नळदुर्ग म्हटलं की आपण बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यातले नर-मादी धबधबे आठवतो. पण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं आणि पहिल्याच दिवशी त्यानं हे ठिकाण घेतलं. सैन्याची मुख्य तुकडी पुढे उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद या मार्गानं गेली. म्हणजे आज आपली ट्रॅव्हल्स ज्या रस्त्यानं रात्रभर धावते, बहुतेक तोच रस्ता. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामानं शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रं ठेवली.

आता दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, मुलं 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणून भाषणं पाठ करतात. ते पाच दिवस ज्या रस्त्यानं गेले तो रस्ता आपल्या इतका ओळखीचा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

सकाळी लवकर : चारमिनार, पण थोडाच वेळ

चारमिनार सोडू नका, पण गर्दी व्हायच्या आत, सात-साडेसातला बघा. मुहंमद कुली कुतुबशाहानं १५९१ मध्ये हे शहर वसवलं आणि मध्यभागी चारमिनार उभा केला. त्या सुमारास हिजरी सनाचं हजारावं वर्ष सुरू होत होतं. गोवळकोंड्याचा किल्ला अपुरा पडू लागला, पाण्याची अडचण झाली, म्हणून मुसी नदीच्या दक्षिण काठावर आखून-रेखून नवं शहर बांधलं गेलं. समोरच्या टपरीवर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट घ्या. पुढचा दिवस चालण्याचा आहे.

इथून दहा मिनिटांवर चौमहल्ला पॅलेस आहे आणि नदीच्या बाजूला सालारजंग म्युझियम. दोन्ही शुक्रवारी बंद असतात. म्युझियममध्ये शिरलात तर दिवस तिथेच संपेल, म्हणून मी ते यादीतून काढलं आहे. पण त्याच्या पाटीवरचं नाव मात्र ओळखा. वस्तूंचा मोठा संग्रह तिसऱ्या सालारजंगाचा असला तरी आपल्याशी खरा संबंध पहिल्या सालारजंगाचा. ते १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं निजामाचे दिवाण होते. सारा वसुलीचे मक्ते देण्याची जुनी रीत मोडून १८६५ पासून त्यांनी 'जिलाबंदी' केली, म्हणजे जिल्हे, तालुके, पगारी अधिकारी अशी घडी बसवली. कलेक्टरला त्या राज्यात 'अव्वल तालुकदार' म्हणत. 'बीड जिल्हा' हा शब्द आपण जन्मापासून गृहीत धरतो. त्या जिल्ह्याची कारभाराची चौकट या माणसाच्या कचेरीत आखली गेली.

मुसीचा काठ : हायकोर्ट आणि चिंचेचं झाड

चारमिनारहून मदिना चौक ओलांडून नया पुलावर या. हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे, आणि इथे तिकीटही नाही. पुलावर उभं राहिलं की दक्षिण काठावर लाल-गुलाबी दगडाचं हायकोर्ट दिसतं, उत्तर काठावर पांढऱ्या घुमटांचं उस्मानिया हॉस्पिटल.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. हॉस्पिटलच्या आवारात चिंचेचं एक झाड आहे. त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे. पुरानंतर निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला धरणं बांधण्याची योजना दिली आणि तिच्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर झाले. नदीचे काठ मोकळे करून तिथे मोठ्या सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्ट १९२० चं, सिटी कॉलेज १९२१ चं, हॉस्पिटल त्यानंतरचं. हॉस्पिटलची जुनी इमारत २०२० च्या पावसाळ्यात आत पाणी शिरल्यावर बंद झाली, म्हणून ती बाहेरूनच बघायची.

पुरावरून आपल्याला २३ जुलै १९८९ आठवणारच. आपण तेव्हा दुसरी-तिसरीत होतो. बिंदुसरेचं पाणी बीड शहरात शिरलं, माणसं गेली, घरं गेली. कितीतरी दिवस मोठ्या माणसांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. नदीकाठचं कोणतंही शहर बघताना आधी त्याचा पूर विचारावा, हे मी या पुलावर शिकले. पूर आल्यावर शहरानं काय केलं, यावरून त्याचा कारभार कळतो. निजामाच्या राज्यात लोकांना मत नव्हतं, सभा घ्यायची तर परवानगी लागायची. 'गश्ती निशान ५३' हे त्यासाठीचंच फर्मान. आणि त्याच राज्यानं पुरावरचा उपाय इतका पक्का केला की विश्वेश्वरय्यांचे तलाव आजही शहराच्या वर उभे आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक लक्षात ठेवण्यासाठी दुसरी विसरायची गरज नाही.

हायकोर्टाकडे मात्र आपल्या नजरेनं बघा. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचे जमिनीचे कागद होते, उर्दूतले. घरात कुणालाच वाचता यायचे नाहीत. "अपील हैदराबादला गेलं होतं," एवढंच आजी सांगायची, आणि 'हैदराबाद' हा शब्द ती आपण 'सुप्रीम कोर्ट' म्हणतो त्या आवाजात म्हणायची. १९५६ पर्यंत आपल्या भागातल्या माणसाचा दाद मागायचा मोठा दरवाजा हाच होता. औरंगाबादला खंडपीठ यायला पुढे १९८१ उजाडलं. आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. कुळाच्या जमिनीच्या वादात मराठवाड्यात आजही १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागतो. इनाम जमिनीसाठी वकील 'मुंतखब' मागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातल्या कागदांसाठी तिलाही हैदराबाद गाठावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आपल्या बाजारपेठेतल्या प्रत्येक हॉटेलात ऐकू येत होता. राज्य जाऊन सत्तर वर्षं होत आली, पण त्याची कागदपत्रं अजून आपल्याबद्दल बोलतात.

कोठी : दोन इमारती, दोन सत्ता

पूल ओलांडून अफझलगंजवरून कोठीला या. इथे महिला विद्यापीठाच्या आवारात जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. उंच खांब, समोर दगडी सिंह, विलायतेतल्या हवेलीसारखी दिसणारी ही इमारत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकच्या काळात बांधली गेली. बरीच वर्षं पडझडीत होती, अलीकडे छान दुरुस्त झाली आहे. आत जाण्याच्या वेळा बदलतात, तेव्हा आधी फोन करून विचारा.

निजाम हा नावाला राजा होता, पण १७९८ च्या तहानंतर लगाम या इमारतीतल्या साहेबाच्या हातात होता. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला तो निजामावरच्या कर्जाच्या वसुलीसाठी. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी माणसं घेऊन याच रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला. तुर्रेबाजखान मारला गेला, मौलवींना अंदमानला पाठवलं. म्हणजे हैदराबादेतला इंग्रजांविरुद्धचा उठाव इथे झाला, आणि तो दडपायला निजामाचं सरकार इंग्रजांच्या बाजूनं उभं होतं.

इथून जवळच जामबागेत विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था आहे, १९०७ पासूनची. हैदराबादेतल्या मराठी माणसांनी शाळा, व्याख्यानं, गणेशोत्सव यांच्या आधारानं आपली भाषा इथे टिकवली. त्या काळी राज्याच्या शाळांची आणि कचेऱ्यांची मुख्य भाषा उर्दू होती. मराठी शाळा चालवणं हेच धाडसाचं काम होतं.

पण इथला एक प्रसंग आपण मराठी माणसं फारशी सांगत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तर सभेतल्या लोकांनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही. मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी चालत होतं, तेलुगू नको होतं, आणि तेही तेलुगू माणसांची संख्या सर्वांत जास्त असलेल्या राज्याच्या राजधानीत. त्याच रात्री तेलुगू मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तेलंगणातल्या तेलुगू चळवळीचा इतिहास या प्रसंगापासून सुरू करतात. माझ्या ऑफिसातल्या तेलुगू सहकाऱ्यांना ही गोष्ट शाळेपासून माहीत आहे. आपल्याला कुणी सांगितली नाही. ज्यांच्या भाषेवर अन्याय होत होता त्यांनीही दुसऱ्याच्या भाषेला उभं राहू दिलं नाही, हे आठवणीत ठेवण्यासाठी मी प्रत्येकाला या इमारतीपुढे पाच मिनिटं थांबवते.

मलकपेट : खर्ड्याचा पाहुणा

जेवण उरकून मलकपेटकडे या. एका उंचवट्यावर काळ्या दगडाची, वर निमुळती होत गेलेली एक कबर आहे, सुमारे सात मीटर उंच. ही फ्रेंच सेनापती मिशेल रेमंड याची. लोक त्याला 'मुसा रामू' म्हणायचे, म्हणून शेजारच्या वस्तीचं नाव मुसारामबाग. मेट्रोच्या स्टेशनलाही तेच नाव आहे.

हा आपल्याला कुठे भेटला? खर्ड्याला. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या कवायती पलटणी याच्या हाताखाली होत्या. समोर पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले असे सगळे मराठे सरदार एकत्र आले होते. असे एकत्र येण्याची ती शेवटचीच वेळ. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला आणि दिवाण मुशीरुल्मुल्काला मराठ्यांच्या हवाली करून त्यानं तह केला. तीन वर्षांनी, मार्च १७९८ मध्ये, रेमंड वारला. त्याच वर्षी निजामानं इंग्रजांशी तह केला, फ्रेंच पलटणी बरखास्त झाल्या, आणि मग कोठीची ती रेसिडेन्सी उभी राहिली. खर्ड्यात जिंकलेले मराठेही वीस-बावीस वर्षांत संपले. त्या लढाईतून खरा फायदा झाला तो लढाईत नसलेल्या तिसऱ्याचा.

खर्डा आपल्यापासून लांब नाही, पाटोदा-जामखेडच्या अंगाला. पुढे ते इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात गेलं आणि आपण निजामाकडे राहिलो. त्यामुळे आपल्या पश्चिमेला दोन राज्यांची हद्द होती. अलीकडच्या भागाला जुनी माणसं 'मोगलाई' म्हणायची. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी रुपया, मध्ये जकातीचं नाकं. १९४७-४८ मध्ये याच हद्दीच्या पलीकडे, नगर-सोलापूरच्या बाजूला, मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते.

काचीगुडा आणि उस्मानिया विद्यापीठ

मलकपेटहून विद्यापीठाकडे जाताना काचीगुडा स्टेशनावरून जा. १९१६ ची, घुमटांची ही देखणी इमारत निजामाच्या रेल्वेचं ठाणं होती. मनमाडला जाणारी अजिंठा एक्स्प्रेस इथूनच सुटते. मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० मध्ये सुरू झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड राजधानीला जोडले गेले. परळीलाही निजामाच्या काळातच रेल्वे आली. बीड शहराला मात्र ती मिळाली १७ सप्टेंबर २०२५ ला. मुहूर्त मुक्तिसंग्राम दिनाचा आणि गाडी अहिल्यानगरहून. आपलं तोंड आता हैदराबादकडून पुरतं पश्चिमेला वळलं, ते त्या दिवशी रुळांवरही दिसलं.

याच काचीगुडा भागात ऑगस्ट १९४८ मध्ये शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा खून झाला. 'इमरोज' हे उर्दू दैनिक ते चालवत आणि हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत. रझाकारांनी रात्री घराजवळ गाठून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि लिहिणारा हात तोडला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, म्हणजे तोही मराठवाड्यातलाच म्हणायचा. रझाकारांचा जुलूम आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितला आहे. पण ही गोष्ट हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सांगितली की शोएबुल्ला खानांना जागाच उरत नाही. आणि सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं त्यालाही जागा उरत नाही. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं गावोगाव फिरून नोंदवलं की निरपराध मुसलमान मोठ्या संख्येनं मारले गेले. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन होते. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. या दोन्हींचं स्मारक असं मी तुम्हाला दाखवू शकत नाही. म्हणून काचीगुड्यावरून जाताना गाडीत हे बोलायचं, असं मी ठरवलं आहे.

पुढे उस्मानिया विद्यापीठ. आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडाची भव्य इमारत १९३९ ची. तिच्या कमानींत अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतल्या खांबांची आणि इस्लामी बांधणीची सरमिसळ आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं हे भारतातलं पहिलं विद्यापीठ. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं होतं आणि हजारो शास्त्रीय शब्द नव्यानं घडवले गेले. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकांपुढे रडकुंडीला आले होते, ते आठवलं की या प्रयोगाचं मोल कळतं. पण ती देशी भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड नव्हती, हेही खरं. राज्याच्या बहुसंख्य मुलांना तीही परकीच होती.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांना 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. तिथून संप पेटला आणि उस्मानियापर्यंत आला. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठानं दार उघडलं म्हणून कित्येकांचं शिक्षण वाचलं. त्या मुलांत करीमनगरकडचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे पंतप्रधान झाले आणि मराठीही अस्खलित बोलायचे.

संध्याकाळी : बेगमपेटचे मुख्याध्यापक

दिवसाचं शेवटचं ठिकाण बेगमपेट, स्वामी रामानंद तीर्थांची समाधी. पर्यटकांच्या यादीत हे नाव नसतं. रिक्षावाल्यालाही समजावून सांगावं लागतं. मला विचाराल तर बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३, विजापूरकडच्या सिंदगीचा. १९३२ मध्ये संन्यास घेतला, पण मठात गेले नाहीत, शाळेत गेले. आधी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा, मग १९३५ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी नूतन विद्यालय. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी तिथेच त्यांच्याबरोबर होते. हैदराबाद संस्थानाशी लढणारा माणूस आधी बीड जिल्ह्यातला मुख्याध्यापक होता. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली तेव्हा शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. बाहेर आले ते सप्टेंबरात, निजामाचं सरकार पडल्यावर.

पण मला त्यांचा मोठेपणा त्यानंतरच्या भूमिकेत दिसतो. ज्या राज्यात ते सर्वांत मोठे नेते होते, ते राज्यच मोडावं आणि प्रत्येक भाषेच्या माणसांनी आपापल्या भाषेच्या राज्यात जावं, असं त्यांनी धरून मांडलं. सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. १९५६ मध्ये तसंच झालं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. आपण मराठीत शिकलो, मराठीत परीक्षा दिल्या, सातबारा मराठीत वाचला, त्यामागे हा निर्णय आहे. स्वामीजी मात्र शेवटपर्यंत हैदराबादेतच राहिले आणि २२ जानेवारी १९७२ ला इथेच गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण समाधी आपल्या जुन्या राजधानीत आहे. तिथे फार काही 'बघायला' नाही. शांतता आहे, बसायला जागा आहे.

जे सोडलं त्याबद्दल

गोवळकोंड्याला अर्धा दिवस लागतो. औरंगजेबानं आठ महिने वेढा घालून १६८७ मध्ये तो घेतला, हे वाचून जा आणि पोरांना घेऊन दुसऱ्यांदा या. कुतुबशाही कबरी त्याच दिवशी होतात. फिल्म सिटीला पूर्ण दिवस द्यावा लागतो. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मलकपेट गाळा. पावसाळा असेल तर मुसीचा पूल सोडू नका. अगदी तीनच तास असतील तर नया पूल, कोठी आणि बेगमपेट.

शेवटी आपल्या शाळेसाठी एक सुचवते. मुलांची सहल रायगडला, अजिंठ्याला, अक्कलकोटला जाते, ती जावीच. पण नववी-दहावीची एक सहल नळदुर्गमार्गे हैदराबादला काढता येईल. जाताना एका रात्रीचा प्रवास, इथे एक दिवस. प्रत्येक मुलानं निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एवढंच विचारून यायचं : आपल्या घरातलं कुणी हैदराबादला कशासाठी गेलं होतं का? कोर्टासाठी, सैन्यात, तुरुंगात, मजुरीला, शिकायला. जी उत्तरं येतील ती शाळेच्या एका वहीत उतरवून ठेवायची. सांगू शकणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. सरांनी तारीख ठरवावी. इथल्या सकाळच्या चहापासून बेगमपेटच्या संध्याकाळपर्यंत मुलांबरोबर चालायची जबाबदारी माझी.